उत्तरं राहू द्या, तुमचे प्रश्न वाचा

"मॅडम, बाबा ऑपरेशनच्या आधी रात्ररात्र त्या चॅटजीपीटीशी बोलत बसतात. बरं की वाईट?" समुपदेशन करताना हल्ली हा प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणारी बहुधा मुलगी किंवा सून असते, आणि मोबाइलमध्ये ते ॲप टाकून देणारीही बहुधा तीच!

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या, पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांची गोष्ट सांगते (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). अँजिओग्राफीची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीची, तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली होती. एकदा सर्दी झाली म्हणून, एकदा अमावास्या म्हणून. अमावास्या त्यांनी जन्मात कधी पाळली नव्हती, असं मुलगी म्हणाली.

"मला सगळी माहिती आहे," काका आल्या आल्या म्हणाले. खरंच होती. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालतात, तेवढीच जागा बधिर करतात, माणूस जागा असतो, रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून डाय सोडला की अंगभर ऊब पसरते, गंभीर गुंतागुंत शंभरात एकाहूनही कमी जणांना होते. यातलं काही चूक नव्हतं, भाषाही सोपी होती.

"मग अडलंय कुठे?"

"शंभरातला तो एक मीच नसेन कशावरून?"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. इतकी वर्षं माणसं बघून ती मला जास्तच पटत चालली आहे. धोका माणसाला घाबरवतो, पण 'मला खात्री मिळालीच पाहिजे' हा हट्ट त्याहून जास्त घाबरवतो. घरातल्या माणसाला तेच तेच विचारलं, तर ते कधीतरी वैतागून म्हणतं, "अहो, झोपा आता." हाही एक उपचारच. चॅटबॉट मात्र कंटाळत नाही. रात्री दोनलाही तितक्याच गोडीने समजावतो, वर 'आणखी काही सांगू का?' म्हणतो. घटकाभर बरं वाटतं, की पुढचा प्रश्न तयार.

हे काकांना समजावून पाहिलं. मान डोलवायचे, घरी जाऊन पुन्हा विचारायचे. मग एका भेटीत म्हटलं, "काका, फोन काढा. त्याची उत्तरं वाचू नका. फक्त तुमचे प्रश्न वाचा, वरून खाली, मोठ्याने."

सुरुवातीचे प्रश्न नळीचे, डायचे, उपाशी राहण्याचे. नंतर गाडी वळली. "एफडीचा नॉमिनी बदलायला काय लागतं." पुन्हा एक डायचा. "वयस्कर माणसाला यूपीआय शिकवायला किती दिवस लागतात." "सोसायटीचा मेंटेनन्स थकला तर काय होतं." इथे काका थांबले. चष्मा काढून शर्टाला पुसला.

"हे अँजिओग्राफीचं नाहीच की हो."

"काकूंना यातलं काय काय माहीत आहे?"

"काही नाही. चाळीस वर्षं सगळं मीच बघितलं. आता सांगायला बसायचं म्हणजे 'मी जाणार' असंच सांगितल्यासारखं ना?"

चॅटबॉटने नॉमिनीचंही बरोबर सांगितलं होतं, यूपीआयचंही. प्रत्येक प्रश्नाला चोख उत्तर. पण विचारणाऱ्या माणसाने हे सगळं एकाच रात्री का विचारलं, ते त्याने विचारलं नाही. ते विचारणं हे माझं काम, आणि ते मला येतं.

पुढच्या भेटीला काकूंना बोलावलं. काकांनी कशीबशी सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "बँकेत मी येते, त्यात काय एवढं? पण आधी तारीख पक्की करा." पुढची तारीख चुकली नाही.

तेव्हा मुलींनो, ॲप काढून टाकायची घाई नको. 1964 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला, पोटाचं ऑपरेशन झालेल्या 97 रुग्णांचा अभ्यास आहे. त्यातल्या एका गटाला भूलतज्ज्ञांनी आधी भेटून कुठे दुखेल, कितपत दुखेल आणि दुखल्यावर काय करायचं ते सांगितलं, नंतरही भेटत राहिले. या गटाला वेदनाशामकं जवळपास निम्मी लागली आणि ते सरासरी अडीच दिवसांहून जास्त आधी घरी गेले. नीट सांगितल्याचा उपयोग होतोच. पण बघा, 'दुखणार नाही' अशी हमी त्यांना कुणी दिली नव्हती.

हॉस्पिटलचा कागद सोप्या मराठीत करून घ्यायला, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढून घ्यायला चॅटबॉट खुशाल वापरा. 'मला काही होणार नाही ना?' हे मात्र त्याला विचारू नका. आणि रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन बंद करायची का, हे तर मुळीच नाही. तुमच्या किडनीचा रिपोर्ट आणि कुठली प्रक्रिया ठरली आहे हे बघून ते डॉक्टरच ठरवतात.

संमतीपत्राचंही तेच. प्रक्रिया काय, कशासाठी, फायदा काय, धोके कोणते, दुसरा पर्याय आहे का, हे सही घेण्याआधी रुग्णाला सांगायची जबाबदारी डॉक्टरांची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. चॅटबॉटने समजावलं म्हणून ती टळत नाही. डॉक्टर घाईत दिसले, तर लिहून आणलेले प्रश्न सरळ त्यांच्या हातात द्या. कागद हातात पडला की बहुतेक डॉक्टर खुर्ची ओढून बसतात.