सरावाचा लाकडी तोफगोळा : ओळख आणि जपणूक

प्रश्न : वडिलांच्या जुन्या सामानात तोफेच्या काडतुसासारखी दिसणारी एक जड लाकडी वस्तू सापडली. काडतूस आणि पुढचा गोळा असे दोन्ही भाग एकाच लाकडातून कातलेले असून काडतुसाचा भाग साधारण २९.५ सेंटिमीटर लांब आहे. गोळ्याचा व्यास एका बाजूने ८३, तर आडव्या दिशेने ८१ मिलिमीटर भरतो. बुडाच्या पितळी चकतीवर बाणाची खूण आणि ‘ड्रिल’ हा इंग्रजी शब्द ठोकलेला आहे. चकती किंचित हलते, लाकूड काळवंडले आहे आणि त्याला एक उभी भेग आहे. ही वस्तू नेमकी कशाची, आणि पॉलिश पेपरने घासून वॉर्निश लावल्यास चालेल का?

उत्तर : आधी सुरक्षिततेचे पाहू. वस्तू लाकडी आहे म्हणून ती निर्धोकच असेल असे गृहीत धरू नये, कारण काही देशांच्या सैन्यांनी नुसता आवाज करणाऱ्या (ब्लँक) काडतुसांना लाकडी गोळ्या बसवल्या होत्या आणि त्यांत खरी दारू असे. आपल्या वस्तूचे काडतूसही लाकडाचेच असल्याने ती त्या प्रकारातली दिसत नाही. तरीही चकतीच्या मध्यभागी नीट पाहा. तेथे रिकामे छिद्र किंवा रबराचा तुकडा असेल तर काळजीचे कारण नाही. दारू पेटवणारी धातूची न ठेचलेली टोपी किंवा टोकाला खरा फ्यूज (गोळा फोडणारी कळ) दिसला, तर मात्र काहीही न फिरवता, न ठोकता आणि न तापवता वस्तू जागीच ठेवून पोलिसांना कळवावे.

‘ड्रिल’ म्हणजे सराव; हा तोफ भरण्याच्या सरावाचा गोळा आहे. बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण आहे. तो ‘सी’ या इंग्रजी अक्षरात कोरलेला असेल तर वस्तू कॅनडाच्या सैन्याची होती असे समजावे. आपण दिलेली मापे १८ पौंडी तोफेशी जुळतात. १९०४ पासून वापरात आलेली ही तोफ पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची मुख्य मैदानी तोफ होती. तिच्या नळीचा आतला व्यास ३.३ इंच, म्हणजे ८३.८ मिलिमीटर, आणि तिच्या पितळी काडतुसाची लांबी २९५ मिलिमीटर होती. नंतरच्या २५ पौंडी तोफेत गोळा आणि काडतूस वेगवेगळे भरत असत, त्यामुळे अशी एकसंध वस्तू तिची असणे संभवत नाही. दोन दिशांच्या व्यासांतील फरकाने गोंधळून जाऊ नये. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, पण आडवे आटते आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नाही, म्हणून गोल कातलेले लाकूड कालांतराने लंबगोल होते. यासाठीच ओळख पटवताना व्यासापेक्षा लांबीवर आणि पितळी चकतीच्या मापावर अधिक भर द्यावा. चकती सैल झाली आहे तीही याच आटण्यामुळे.

घासण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : पॉलिश पेपर लावू नये. तोफेवरच्या जवानांनी हा गोळा असंख्य वेळा भरला आणि काढला असेल, आणि काडतूस बाहेर ओढणाऱ्या खटक्याने चकतीच्या कडेवर जे ओरखडे उठले असतील, ते या वस्तूच्या कामाचे एकमेव लिखाण आहे. रंगाचे अवशेष, पुसट आकडे आणि शिक्के लाकडाच्या अगदी वरच्या थरात असतात. एकदा घासले की ते परत येत नाहीत. शिवाय जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे.

मऊ ब्रशने धूळ काढा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओलावलेला कापसाचा बोळा फिरवून लगेच कोरड्या कापडाने टिपा. रंग उतरू लागला तर थांबा. चिकट काळा थर बहुधा जुन्या जवसाच्या तेलाचा असतो. त्यासाठी टर्पेंटाइनचा वापर आधी न दिसणाऱ्या जागी करून पाहावा. पुन्हा जवसाचे तेल देऊ नये, कारण ते धूळ धरते आणि वर्षागणिक काळे पडते. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून काढलेल्या बारीक कणांच्या मेणाचा) अगदी पातळ हात पुरेसा आहे.

पितळ लखलखीत करण्याचा मोह टाळावा. घासण्याच्या पेस्टमुळे शिक्के झिजतात आणि तिचा पांढरा गाळ लाकडाच्या रेषांत अडकून बसतो. अमोनिया असलेला क्लीनर तर वर्ज्यच समजावा. भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे आपोआप तडकत असत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हे त्याचे कारण असल्याचे १९२१ मध्ये सिद्ध झाले.

वजन खऱ्या गोळ्याइतके भरावे म्हणून अशा वस्तूंच्या आत शिसे घातलेले असू शकते. भेगेतून किंवा चकतीखालून पांढरी भुकटी येत असेल, तर ते लाकडातील आम्लामुळे गंजलेले शिसे समजावे; हातमोजे घालून ती ओल्या कापडाने टिपावी आणि कापड फेकून द्यावे. भेगेत इपॉक्सी (वाळून कडक होणारा रासायनिक गोंद) भरू नये, कारण दमट हवेत लाकूड फुगले की तो घट्ट भराव बाजूच्या लाकडालाच नवी भेग पाडतो. भेग वाढत नसेल तर ती तशीच राहू द्यावी. हलणाऱ्या चकतीला नवा खिळा किंवा स्क्रू मारण्याऐवजी फटीत कागदाची पातळ पट्टी सरसाने बसवावी. सरस ओलाव्याने सुटतो, त्यामुळे पुढे कोणाला चकती काढून पाहायची असल्यास लाकडाला धक्का लागणार नाही.