जुन्या हिंदी सिनेमातले नट-नट्या खरंच एवढे थोर होते का? मला तर त्यांचा अभिनय नाटकी वाटतो

घरातली मोठी माणसं १९५०-६० च्या काळातल्या नटनट्यांवर जीव टाकतात आणि तुम्हाला मात्र सगळा अभिनय नाटकी वाटतो, मग कौतुक नेमकं कशाचं, असं तुम्ही विचारलंय. नूतन ही माझी सगळ्यांत लाडकी अभिनेत्री, त्यामुळे उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

आधी नाटकीपणाबद्दल. तुम्हाला दिसतं ते खोटं नाही. बोलपट आला तेव्हा रंगभूमीची सवय अंगात होती आणि गाणंही नटालाच कॅमेऱ्यासमोर गावं लागे. दुर्गा खोटे यांचंच बघा. माहेरच्या लाड, घराणं मूळचं आपल्या गोव्याचं. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्यांनी तारामती केली, गाणीही स्वतःच म्हटली. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचलाच पाहिजे, अशी ती तऱ्हा. त्याच दुर्गाबाई १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये जोधाबाई आहेत. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि पृथ्वीराज कपूर गरजत असताना दुर्गाबाईंचा चेहरा बघा. मधल्या काळात पार्श्वगायन रुळलं, ध्वनिमुद्रण सुधारलं, कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ आला. पण जुनी तऱ्हा एका दिवसात गेली नाही. एकाच सिनेमात एक नट गरजतोय आणि दुसरा नुसता बघतोय, असं त्या काळात सर्रास दिसतं. मी ज्यांच्यावर प्रेम करते ते हे दुसरे.

हे मला कळलं ते नाटकामुळेच. आमचं गाव फोंड्याकडचं. देवळाच्या उत्सवात मराठी नाटक ठरलेलं, आणि लग्न होईपर्यंत मी त्यात काम करत होते. तालीम घेणाऱ्या काकांचं सगळं लक्ष ज्याचं वाक्य नाही त्याच्याकडे असायचं. “तुझं वाक्य संपलं म्हणून तुझं काम संपलं नाही गो,” असं ते दर तालमीत म्हणत. समोरचा बोलत असताना पुढचं वाक्य मनात घोळवत उभं राहायचं नाही, खरोखर ऐकायचं. हे कसं करतात ते बघायचं असेल तर ‘सुजाता’ बघा, असं त्यांनी आम्हा मुलींना सांगितलं होतं.

‘सुजाता’ १९५९ चा, बिमल रॉय यांचा. अस्पृश्य मानलेल्या घरातली अनाथ मुलगी ब्राह्मण कुटुंबात वाढते. घरची आई, म्हणजे आपल्या सुलोचनाबाई, पाहुण्यांना तिची ओळख करून देताना ‘मुलीसारखी’ म्हणते, ‘मुलगी’ म्हणत नाही. त्या क्षणी बोलणाऱ्या आईपेक्षा ऐकणाऱ्या नूतनकडे बघा. आणि मग ते टेलिफोनवरचं गाणं. पलीकडून सुनील दत्त गातोय, आवाज तलत महमूदचा, ‘जलते हैं जिसके लिये’. गाणं त्याचं, पण दृश्य पूर्णपणे तिचं. रिसीव्हर कानाला लावून ती नुसती उभी आहे. ना शब्द, ना हातवारे. आधी सुख, मग हे सुख आपल्या वाट्याचं नाही ही जाणीव, मग रडू, आणि ते पलीकडे कळू नये म्हणून चाललेली धडपड. हे सगळं एका गाण्यात, एका चेहऱ्यावर. आजच्या कुठल्याही ‘नैसर्गिक’ अभिनयाशेजारी हे ठेवून बघा.

गाण्याचा विषय निघालाच आहे तर १९५५ च्या ‘सीमा’तलं ‘मनमोहना बडे झूठे’ सोडता येत नाही. राग जयजयवंती, आणि गळा लताबाईंचा, ज्यांच्या वडिलांचं गाव मंगेशी. आमच्याकडे घरटी कुणीतरी गाणं शिकलेलं असतं, त्यामुळे पडद्यावर ताना आल्या की सगळ्यांची नजर नटीच्या गळ्यावर आणि श्वासावर जाते. नुसते ओठ हलवलेले इथे खपत नाहीत. नूतन तान घेते तेव्हा तिच्या मानेची शीर ताणली जाते, श्वास जिथे घ्यायला हवा तिथेच घेतलेला दिसतो. ती स्वतः गाणं जाणणारी होती, पुढे ‘छबिली’त स्वतःच्या आवाजात गायलीही. (‘सीमा’चं संगीत शंकर-जयकिशनचं, आणि त्यांच्या वाद्यवृंदाची बांधणी करणारे सेबास्टियन डिसोझा गोंयकार. हेही कुणीतरी सांगायला हवं.)

पण एकच दृश्य निवडायचं तर ‘बंदिनी’, १९६३. नूतन इथे कल्याणी आहे. ती एका आजारी, त्रासिक बाईची सेवा करतेय, आणि ती बाई आपल्याच प्रियकराची, विकासची बायको आहे हे तिला कळतं. बाहेर लोखंडावर घण पडताहेत, वेल्डिंगचा उजेड भिंतीवर आणि तिच्या चेहऱ्यावर लखलखून जातोय. संवाद नाहीत. चेहरा उजेडात येतो, अंधारात जातो, आणि दर वेळी तो थोडा वेगळा झालेला असतो. चहात विष पडण्याआधीच तिचा निर्णय झालाय हे आपल्याला कळलेलं असतं. नूतनला फिल्मफेअरची उत्कृष्ट अभिनेत्रीची पाच पारितोषिकं मिळाली, त्यातलं एक या भूमिकेसाठी. मला विचाराल तर पाचही या एका दृश्याला दिली असती तरी चाललं असतं.

तेव्हा आधी ‘सुजाता’ बघा, मग ‘बंदिनी’. ‘मुघल-ए-आझम’ मागाहून, नाहीतर त्यातल्या भारदस्त संवादांनी तुमचं मत आणखी पक्कं होईल. पुरुषांमध्ये बलराज साहनी, सुरुवात ‘दो बीघा जमीन’पासून. एकच विनंती, हे मोबाइलवर बघू नका. डोळ्यांतला अभिनय तळहाताएवढ्या पडद्यावर उतरत नाही. पणजीला येणं जमत असेल तर नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी या. जुन्या सिनेमांच्या दुरुस्त केलेल्या प्रती तिथे मोठ्या पडद्यावर दाखवतात. २०२४ मध्ये राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त ‘आवारा’ दाखवला होता. कार्यक्रमपत्रिका लागली की जुन्या सिनेमांच्या जागा लगेच धरा, त्या लवकर भरतात.