चढावर पुढे कोण? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात टीमनं करायच्या मल्टी-डे माउंटन बाइक रेसबद्दल प्रश्न मागवले होते. ढीगभर आले. बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरत होते, म्हणून पहिल्यालाच जास्त जागा दिलीय, बाकीचे पटापट.

प्रश्न: दादा, मी आणि माझा मित्र दोघांच्या टीममधून सात दिवसांची रेस करणार आहोत. चढाला तो माझ्यापेक्षा बराच स्ट्राँग आहे. प्रॅक्टिसला तो वर जाऊन थांबतो, मी धापा टाकत पोचतो, मग पुढे निघतो. रेसमध्येही असंच करू म्हणतो. चालेल का?

नाही चालणार. एक तर नियमात बसत नाही. टीमचा टाइम दुसरा रायडर लाइन ओलांडतो तेव्हा धरतात, त्यामुळे तुमचा मित्र वर लवकर पोचून कमावतो काय, तर काहीच नाही. वर अंतराची मर्यादा असते ती वेगळीच. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक बघा, 2004 पासून चालू आहे, प्रोलॉग म्हणजे सुरुवातीचा छोटा टप्पा धरून आठ दिवसांची, आणि टीम दोघांचीच. तिथे दोघांनी पूर्ण वेळ एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहायचं असतं, नाही राहिलात तर टाइमात दंड जोडला जातो.

पण नियम बाजूला ठेवला तरी हिशोब चुकतोच. तो वर थांबून दम खातो, पाणी पितो, आणि तुम्ही पोचलात की निघतो, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती मिळते आणि ज्याला हवीय त्याला शून्य! असं दोन-तीन दिवस चाललं की तुम्ही संपलात, आणि तुम्ही संपलात म्हणजे टीम संपली. जोडी नेहमी त्या क्षणाला जो ढेपाळलाय त्याच्याच स्पीडनं जाते. आणि तो दर वेळी तुम्हीच असाल असंही नाही बरं का, पाचव्या दिवशी त्याचे पाय गेले की तुम्हीच त्याला ओढत न्याल.

म्हणून लांब चढाला तुम्ही पुढे आणि तो मागे. पेस तुमचा. तो पुढे असला की तुम्ही नकळत त्याचं चाक धरायला जाता आणि पहिल्या वीस मिनिटांतच लाल झोनमध्ये, म्हणजे फार वेळ न टिकणाऱ्या जोरात, शिरता, मागून मात्र त्याला तुमचे खांदे हलायला लागलेले, गिअर उगाच बदलले जात असलेले सगळं दिसतं. सपाटीला, त्यातही समोरून वारा असेल तर, बरोबर उलटं. तो पुढे, तुम्ही त्याच्या मागच्या चाकाला चिकटून, कारण स्पीड वाढला की हवेचा विरोध झपाट्यानं वाढतो आणि तिथे आडोशाचा फायदा खरोखर मिळतो. ताशी आठ-दहा किमीनं चढताना मात्र सगळी झुंज वजनाशी असते, तिथे आडोसा असून नसल्यासारखा.

वजनावरून आठवलं, जड सामान त्याच्याकडे द्या. रायडर, सायकल आणि सामान मिळून 85 किलो धरले तर 1 किलो कमी झाल्यावर खड्या चढाला तासामागे साधारण 40 सेकंद वाचतात. पंप, मल्टिटूल, स्पेअर, दुसरं जॅकेट, जे सोबत ठेवलंच पाहिजे असा नियम नाही ते सगळं त्याच्या पाठीवर. तुमची पायडलजवळची दातेरी चकती (चेनरिंग) त्याच्यापेक्षा लहान घ्या, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

पाठीला हात लावून ढकलणं हे बहुतेक जोड्या उशिरा सुरू करतात. पार्टनर मोडल्यावर ढकलून काही होत नाही, तो अजून बरा असताना, सौम्य चढाला, रुंद वाटेवर, थोडं थोडं ढकलायचं. खडबडीत सिंगलट्रॅकवर, म्हणजे एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटेवर, नाही, दोघंही आडवे व्हाल. आणि ढकलून घेणाऱ्यानं पायडल मारणं सोडायचं नाही. दोरीनं ओढायला कुठे परवानगी असते, कुठे नसते, तुमच्या रेसचं रूलबुक वाचा.

उताराला कोण पुढे यावर लोक तासन् तास वाद घालतात. माझं मत, ज्याचा हात चांगला तो पुढे, म्हणजे मागच्याला लाइन, चाक कुठून न्यायचं ते, दिसते, पण त्यानं प्रत्येक वळणानंतर मान वळवून बघितलंच पाहिजे. ते जमत नसेल तर त्याला मागे घाला.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको मिक्स्ड कॅटेगरीत उतरतोय. एरवी ठीक असतं पण तीन-चार तास झाले की सायकलवर हमखास भांडण होतं. रेसमध्ये काय करावं? (नाव छापू नका, सासूबाई पण हे सदर वाचतात.)

नाव नाही छापलं. तीन-चार तासांनीच होतं म्हणताय ना, मग आधी खाण्याकडे बघा! अंगातली साखर उतरली की माणूस गप्प होतो, चिडतो, सोप्या ठिकाणी लाइन चुकतो, आणि ह्या सगळ्याचा दोष पार्टनरवर ढकलतो. लांब रेसमध्ये तासाला 60 ते 90 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला साधारण 60 ग्रॅमच शोषू शकतं, त्याच्या वर जायचं असेल तर सोबत फ्रुक्टोज असलेलं घ्या, आणि हे ट्रेनिंगमध्येच पोटाला शिकवून ठेवा. भूक लागायची वाट बघू नका, घड्याळ लावा, दर वीस मिनिटांनी एकानं ओरडायचं आणि दोघांनी खायचं. एकानं खाल्लं आणि दुसरा "मला नको" म्हणाला, असं चालणार नाही.

दुसरं म्हणजे "बरी आहेस ना?" हा प्रश्न बंद करा. त्याला उत्तर कायम "हो" असंच येतं, आणि वैतागून येतं. त्याऐवजी आकडा विचारा. 1 ते 10 मध्ये किती दमलीस? 6 आला तर चालू द्या, 8 आला तर पुढच्यानं काही न बोलता पेस सोडायचा, चर्चा नाही, "अगं पण आत्ता तर सपाटी आहे" नाही. आकडा खरा सांगायचा एवढंच पथ्य. आणि दिवसभराची उणीदुणी काढायची असतील तर जेवण झाल्यावर काढा, फिनिश लाइनवर नको.

प्रश्न: दोघांत मिळून स्पेअर काय काय घ्यावेत?

त्याआधी दोघांच्या सायकली जमतील तेवढ्या सारख्या करा. चाकाचा साइझ एक असला की ट्यूब कोणाचीही कोणालाही चालते. दोघांच्या चेन एकाच स्पीडच्या (म्हणजे मागे गिअर तेवढेच) असल्या की एक क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, दोघांत पुरते (तरी दोन ठेवा, गवतात पडली की सापडत नाही). डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा भाग फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, हा सगळ्यात मोठा त्रास, जवळपास प्रत्येक फ्रेमचा वेगळा. 2019 मध्ये सायकलचे पार्ट बनवणाऱ्या स्रॅम कंपनीनं यूडीएच नावाचा कॉमन हँगर आणला, दोन्ही फ्रेमवर तो असेल तर नशीबवान आहात, नसेल तर प्रत्येकाचा आपापला, सायकलला बसवून बघितलेला. ब्रेक पॅड दोघांचेही घ्या. चिखलात रेझिनचे पॅड एका दिवसातही संपू शकतात, सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, जास्त टिकतात. टायरमधलं सीलंट (बारीक भोकं आपोआप बुजवणारं द्रव) रेसच्या आधी ताजं भरा, महिनोन् महिने तसंच ठेवलेलं आत वाळून बसलेलं असतं.

आणि पंक्चरची प्रॅक्टिस जोडीनं करा. एक भोक शोधून प्लग मारतो तेवढ्यात दुसऱ्याच्या हातात पंप तयार पाहिजे. दोघंही एकाच चाकावर वाकून एकमेकांना सूचना देतायत हे दृश्य प्रत्येक रेसमध्ये दिसतं.

प्रश्न: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणांचं पोट बिघडतं म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि दर वेळी दोष जेवणाचा नसतो. गुरांच्या कुरणातून ट्रॅक गेला की पुढच्या चाकानं उडालेला शेणचिखल थेट बाटलीच्या तोंडावर बसतो आणि तिथून तोंडात. 2007 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात आणि 2008 मध्ये वेल्समध्ये चिखलातल्या माउंटन बाइक रेसनंतर कँपिलोबॅक्टर ह्या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची साथ आली होती. झाकणवाली बाटली किंवा पाठीवरची पाण्याची पिशवी घ्या, पुढे मडगार्ड लावा, जेल दातानं फाडण्याआधी पुसा. आणि एकाला त्रास सुरू झाला तर त्याच्या बाटलीतून दुसऱ्यानं पिऊ नये, प्रेम असलं तरी.

प्रश्न: जुना मित्र पार्टनर घ्यावा की आपल्या तोडीचा, पण अनोळखी?

तोडीचा. ओळख करून घेता येते. डेन्मार्कच्या अनिका लँगवाडनं केप एपिक पाच वेळा जिंकली ती तीन वेगवेगळ्या पार्टनरसोबत, 2014 ते 2016 आरिआन ल्युथी, 2018 ला केट कोर्टनी आणि 2019 ला अ‍ॅना व्हॅन डर ब्रेगन, जी मुळात रोड रेसर. फक्त हो म्हणायच्या आधी दोघांना नेमकं काय हवंय ते विचारून घ्या. एकाला पोडियम आणि दुसऱ्याला फोटो हवे असतील तर फिटनेस सारखा असून उपयोग नाही.

प्रश्न: पार्टनरनं मध्येच सोडलं तर मला पुढे जाता येतं का?

रेसवर अवलंबून आहे. काही ठिकाणी एकट्यानं पूर्ण करू देतात, पण टीम म्हणून रँकिंग जातं आणि तुम्ही इतर टीमच्या रेसिंगमध्ये ढवळाढवळ करायची नसते. कोण कोणत्या परिस्थितीत थांबणार आणि दुसरा पुढे जाणार की त्याच्यासोबत थांबणार, हे घरी बसून, पोट भरलेलं असताना ठरवा. एक गोष्ट मात्र ठरवायलाही ठेवू नका. पार्टनर पडला आणि हेल्मेट आपटलं असेल तर "मी ठीक आहे" हे त्याचं बोलणं धरायचं नाही, त्याला तिथेच बसवा, मागून येणाऱ्या टीमकडून पुढच्या चेकपॉइंटला निरोप पाठवा आणि मेडिकलची माणसं येईपर्यंत त्याला सायकलवर बसू देऊ नका.