शहापूर-मुरबाडकडे यंत्रं दिली तरी शेतकरी ती वापरत का नाहीत?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या तुमच्या कंपनीच्या निधीतून शहापूर आणि मुरबाडच्या काही गावांना पॉवर टिलर, भात लावणी यंत्र आणि सल्ल्याचं अ‍ॅप दिलं, प्रशिक्षण झालं, आणि पुढच्या खरिपात सगळं पडवीत पडून राहिलं. आता जनजागृती कशी वाढवावी, असा तुमचा प्रश्न आहे. कृषी सहायक म्हणून माझी नोकरी याच पट्ट्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागृती कमी आहे, हे मला पटत नाही. याच शेतकऱ्यांनी कर्जत संशोधन केंद्राची भाताची वाणं घेतली, तणनाशक घेतलं, मळणी यंत्र भाड्याने आणलं. त्यासाठी कुणाला मेळावे घ्यावे लागले नाहीत. जे घेतलं नाही, त्यामागे बहुतेक वेळा पक्का हिशेब असतो आणि तो आपण विचारलेला नसतो.

लावणी यंत्राचंच घ्या. त्याला चटई रोपवाटिकेतली, म्हणजे मातीच्या पातळ थरावर चटईसारखी वाढवलेली, पंधरा-वीस दिवसांची कोवळी रोपं लागतात. आपल्याकडे राब भाजून, म्हणजे पालापाचोळा-शेण जाळलेल्या जागेवर, गादीवर टाकलेली रोपं त्या यंत्रात चालतच नाहीत. म्हणजे यंत्र वापरायचं की नाही हे जुलैत नाही, जूनच्या सुरुवातीला ठरतं. शिवाय खाचर, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, सपाट हवं, चिखल बसलेला हवा, पाणी बेताचं हवं. उतारावरच्या दोन-तीन गुंठ्यांच्या तुकड्यांत ते वळवायचं कसं? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पाऊस सगळ्या गावावर एकदमच पडतो, त्यामुळे सगळ्यांची लावणी एकाच आठवड्यात येते. गावात एकच यंत्र असेल तर ते पहिल्या दोन-तीन घरांना मिळतं, बाकीचे मजूर शोधायला निघतात. त्यातच पट्टा तुटला आणि सुटा भाग कल्याणहून आणावा लागला, तर हंगाम गेलाच.

याउलट सगुणा भात तंत्र बघा. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं. गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, एकदा करायचे, साच्याने खुणा पाडून बी थेट टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. नांगरणी नाही, चिखलणी नाही, रोपवाटिका नाही, लावणी नाही. ज्या कामाला माणूस मिळत नाही तेच काम यात गळतं, म्हणून कोकणात पुष्कळ जणांनी ते उचललं. त्याच वाफ्यावर ओल धरून वाल किंवा हरभराही येतो. पण पहिल्या वर्षी तण फार त्रास देतं, आणि पाणी साचणाऱ्या खोलगट खाचरात मी ते सुचवणार नाही. अर्धेलीने, म्हणजे निम्मं पीक मालकाला देऊन, कसणारा माणूस तर दुसऱ्याच्या जमिनीत कायमचे वाफे करेलच कसा? समृद्धी महामार्ग आल्यापासून शहापुरात कोणती जमीन किती वर्षं शेतीत राहील, हाच प्रश्न असतो.

पैशाच्या वेळेचंही बघा. पश्चिम केनियात डुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. खत वापरायची इच्छा शेतकऱ्यांना होती, पण पेरणीच्या वेळी हातात पैसा उरत नव्हता. कापणीनंतर लगेच खत विकत देऊन ते मोफत घरपोच करायची सोय केली, तेव्हा वापर जवळपास तेवढाच वाढला जेवढा नंतर निम्म्या किमतीत खत देऊन वाढला असता. आपल्याकडेही यंत्रावरचं अनुदान आधी खरेदी, मग खात्यात पैसे, असं चालतं. जूनमध्ये कुणाकडे तेवढी रक्कम मोकळी असते?

धोक्याचं गणितही असंच आहे. पुराच्या पाण्याखाली दोन आठवड्यांपर्यंत तग धरणारं स्वर्णा-सब1 हे भात ओडिशात शेतकऱ्यांना दिलं, तेव्हा त्यांनी खतावरचा खर्च स्वतःहून वाढवला. खताचे फायदे त्यांना कुणी नव्याने शिकवले नव्हते, पीक बुडायची भीती तेवढी कमी झाली होती.

दुभत्या जनावरांचा मुद्दा तुम्ही शेवटी एका ओळीत टाकलाय. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण दुधाचा पैसा रोज येतो. लिंगनिर्धारित वीर्यमात्रेने साधारण 90 टक्के मादी वासरं होतात, हे आता गावोगाव माहीत आहे. पण म्हशीचा मुका माज, म्हणजे ठळक लक्षणं न दाखवणारा माज, घरच्या बाईलाच कळतो, आणि कळल्यावर बारा-अठरा तासांत कृत्रिम रेतन करणारा माणूस पोचायला हवा. तो पोचला नाही की पुढचा माज येईपर्यंत एकवीस दिवस वाया, चारा मात्र चालूच. प्रशिक्षण सकाळी अकराला ग्रामपंचायतीत ठेवलं तर तिथे पुरुष येतात. धारा काढणारी, वैरण टाकणारी बाई त्या वेळी शेतात असते. तिच्याशी दुपारनंतर, गोठ्यातच बोला.

आणखी एक. दूध संघाच्या डेअरीत फॅटवर भाव मिळतो, म्हणून फॅट वाढवणारा खुराक परवडतो. पण बदलापूर-कल्याणला घरोघरी रतीब घालणाऱ्याला लिटरवर पैसे मिळतात. त्याला फॅटचे फायदे सांगून काय उपयोग? खनिज मिश्रणाने म्हैस वेळेवर गाभण राहते, भाकड काळ कमी होतो, हे सांगा. आणि पेंढ्यासाठी कडबाकुट्टी, म्हणजे वैरण बारीक कापायचं यंत्र, द्या. ती चालवायला कुणाला शिकवावं लागत नाही, नासाडी कमी झालेली त्याच आठवड्यात दिसते.

तुम्हाला माझा सल्ला असा: अ‍ॅप तूर्त बाजूला ठेवा. भात झोडून झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, पुढच्या खरिपासाठीची नोंदणी आणि थोडी रक्कम घ्या. लावणी यंत्र गावाला सोपवू नका. गावातल्याच एखाद्या तरुणाला चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवा, चटई रोपवाटिकाही त्यानेच करावी, आणि गुंठ्यामागे मजुरी घ्यावी. रोपवाटिका आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत टाकली तर तेच यंत्र जास्त घरांना पुरेल. पहिल्या वर्षी प्रत्येकाचं एकच खाचर घ्या, आणि ते फसलं तर भरपाई तुमच्या निधीतून मिळेल, हे आधी लिहून द्या.

गावांची नावं आणि खाचरं उताराची आहेत की पाणी साचणारी, एवढं कळवा. कुठे गादीवाफे चालतील आणि कुठे यंत्र, ते मग नेमकं सांगता येईल.