तज्ज्ञांची तारीख ११ महिन्यांनी, पण मदत त्याआधीच मागा

‘ताई, आम्ही अमेरिकेत एच-वन-बीवर आहोत. मुलगा दोन वर्षं सात महिन्यांचा. पाच-सहा शब्द बोलतो, हाक मारली तर वळत नाही, गाडीची चाकं फिरवत तासन्‌तास बसतो. डॉक्टरांनी ऑटिझमची शक्यता सांगून तज्ज्ञांकडे पाठवलं, पण त्यांची तारीख ११ महिन्यांनंतरची आहे. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. दिवसभर तो त्यांच्याकडेच असतो. त्या म्हणतात, याचे बाबाही उशिराच बोलले. नवरा म्हणतो, एकदा शिक्का बसला की पुसत नाही, थांबू. डेकेअरच्या बाई म्हणाल्या, घरी फक्त इंग्रजी बोला. आणि सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल का, ही भीती आहेच. मला रात्रीची झोप लागत नाही.’

तुमचं पत्र वाचताना माझ्या मुलाचं तिसरं वर्ष आठवलं. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. ती ११ महिन्यांनंतरची तारीख सोडू नका, कुणी रद्द केली तर आम्हाला कळवा असंही त्यांना सांगून ठेवा. पण तिच्यासाठी थांबूही नका. निदानाची रांग वेगळी आणि मदतीची रांग वेगळी. मदतीच्या रांगेत उभं राहायला निदानाचा कागद लागत नाही. हे आपल्या घरांना कुणी आपणहून सांगत नाही, आणि त्यापायी आपल्या मुलांचे महिनेच्या महिने जातात.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्रत्येक राज्यात ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ असतं, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या लहान मुलांना लवकर थेरपी देणारी सरकारी सेवा. नावं वेगळी: कॅलिफोर्नियात ‘अर्ली स्टार्ट’, टेक्ससमध्ये ‘ईसीआय’, जॉर्जियात ‘बेबीज कान्ट वेट’. आई-वडील स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. केंद्रीय कायद्यानुसार नाव नोंदवल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन आणि पहिली बैठक व्हायला हवी. मूल्यमापन मोफत असतं. पुढच्या थेरपीला काही राज्यं उत्पन्नानुसार शुल्क घेतात, ते आधी विचारून घ्या. अडीच वर्षांच्या मुलाकडून साधारण ५० शब्दांची अपेक्षा असते. म्हणजे तुमची काळजी उगाच नाही, आणि ‘अजून थोडं बघू’ म्हणायची ही वेळ नाही. श्रवणचाचणी झाली नसेल तर तीही याच आठवड्यात मागा. हाकेला न वळणाऱ्या मुलाचे कान आधी तपासायचे असतात.

तुमच्या बाबतीत दिवस मोजून वागायला हवं. तिसऱ्या वाढदिवसाला ही सेवा संपते आणि जबाबदारी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’कडे, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे जाते. ते हस्तांतर सुरळीत व्हावं म्हणून वाढदिवसाच्या निदान ९० दिवस आधी डिस्ट्रिक्टबरोबर बैठक घ्यायची असते. तुमच्या हातात पाच महिने आहेत. आज फोन केलात तर दोन्ही गोष्टी बसतात. आणखी दोन महिने थांबलात तर सगळं अंगावर येईल, आणि वाढदिवसाला ४५ दिवसांहून कमी उरले की अर्ली इंटरव्हेन्शनवाल्यांवर मूल्यमापनाचं बंधनच राहत नाही. तुम्हाला थेट शाळेकडे पाठवतील.

शाळेकडे जाल तेव्हा तोंडी विनंतीवर विसंबू नका. विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन हवं आहे, असं तारीख घालून लिहा, ईमेल करा आणि संमतीचा फॉर्म मागा. काही राज्यांची मुदत वेगळी आहे, बाकी ठिकाणी तुम्ही संमतीची सही केल्यापासून ६० दिवस धरतात. फॉर्मच आला नाही तर दिवस सुरूच होत नाहीत, म्हणून पाठपुरावा त्या फॉर्मचा करायचा. नकार दिला तर तोही कारणासह लेखी द्यावा लागतो. शाळेच्या मूल्यमापनाशी असहमत असाल, तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून डिस्ट्रिक्टच्या खर्चाने दुसरं मूल्यमापन मागता येतं.

आता भाषेबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपली मुलं नेमकी इथे हरवतात.

डेकेअरच्या बाईंनी चांगल्या मनाने सांगितलं असेल, पण तो सल्ला ऐकू नका. दोन भाषांत वाढल्यामुळे ऑटिझम होत नाही, आणि ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं दोन भाषांमुळे मागे पडतं असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट विचार करा, दिवसभर ज्या आजीबरोबर तो असतो तिने तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायचं ठरवलं, तर त्याच्या कानावर काय पडेल? निम्मी वाक्यं आणि पुष्कळ शांतता. या मुलाला तर जास्तीत जास्त बोलणं, गाणं, हावभाव, ओरडणं-हसणं हवं असतं. ते माणसाला स्वतःच्या भाषेतच जमतं. थेरपिस्ट चित्रांचा तक्ता किंवा बोलणारा टॅबलेट सुचवेल, तेव्हा घाबरू नका, त्याने बोलणं थांबत नाही. त्यावर मराठी शब्दही घालून घ्या.

मूल्यमापनाआधी एक यादी करा. तो जे बोलतो ते सगळं त्यात लिहा, मग ते अर्धंमुर्धं का असेना. तपासणारी व्यक्ती मराठी जाणत नसेल तर ‘नको’ आणि ‘दे’ तिला नुसते आवाज वाटतील. मूल काहीतरी मागतंय हे तिला समजणारच नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा, असं स्पष्ट सांगा. आणि दुभाषी मागताना ‘इंडियन’ म्हणू नका, ‘मराठी’ म्हणा. नाहीतर हमखास हिंदी दुभाषी येतो. तुम्हा नवरा-बायकोला इंग्रजी येतं म्हणून दुभाषीची गरज नाही, असं समोरच्याला वाटेल. पण मुलाबद्दल सगळ्यात जास्त माहिती सासूबाईंना आहे, आणि त्यांची माहिती तुमच्या तोंडून गेली की अर्धी राहते. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाला आणि शाळेला मोफत दुभाषी द्यावा लागतो. त्याचं मूळ १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे. आपण उपकार मागत नाही.

एक आपल्या सगळ्यांची सवय. तज्ज्ञाने विचारलं की आपण मुलाचं कौतुक सुरू करतो: हुशार आहे, सगळं समजतं, फक्त बोलत नाही. परक्यासमोर लेकराचं उणं काढायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. पण त्या खोलीत त्याच्या वाईटातल्या वाईट दिवसाबद्दल बोला. झोप, कपडे घालताना होणारा आकांत, रस्त्यावर हात सोडवून पळणं, सगळं. फोनवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा. शाळेबरोबरच्या आमच्या पहिल्या बैठकीत टेबलाच्या त्या बाजूला सहा जण होते आणि या बाजूला आम्ही दोघं. आम्ही हसून ‘थँक यू’ म्हणालो आणि सही करून आलो. घरी येऊन कागद वाचला: स्पीच थेरपी आठवड्याला २० मिनिटं, तीही चार मुलांच्या गटात. तिथल्या तिथे सही करायची नसते. कागद घरी न्या, वाचा, प्रश्न लिहून परत पाठवा. प्रत्येक राज्यात पालकांसाठी केंद्राच्या पैशावर चालणारं निदान एक ‘पेरेंट ट्रेनिंग अँड इन्फर्मेशन सेंटर’ असतं. बैठकीची तयारी कशी करायची हे तिथे फुकट समजावतात. आम्हाला त्याचा पत्ता दोन वर्षांनी लागला, आणि ती दोन वर्षं मला अजून सलतात.

तुमच्या यजमानांना माझा निरोप सांगा. शिक्का म्हणजे काय, तर शाळेतली एक फाइल. ती गोपनीय असते, किमान दर तीन वर्षांनी पुन्हा मूल्यमापन होतं, आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय विशेष शिक्षण सुरूच होत नाही. संमती पुढे काढूनही घेता येते. मदत घेऊन बघितली आणि पुढे लागली नाही, तर बंद होईल. न घेतलेले महिने मात्र परत आणता येत नाहीत.

यात आपण एकटे आहोत असंही समजू नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, १६ ठिकाणच्या पाहणीत आठ वर्षांच्या दर ३१ मुलांत एकाला ऑटिझम आढळला, आणि आशियाई मुलांत हे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त होतं. काही वर्षांपूर्वी चित्र उलटं दिसायचं. आपल्यात अचानक ऑटिझम वाढला असा याचा अर्थ मी घेत नाही. पूर्वी आपली मुलं मोजलीच जात नव्हती.

पैशांचं. नवऱ्याच्या कंपनीच्या एचआरला एकच प्रश्न लेखी विचारा: आपला आरोग्य विम्याचा प्लॅन ‘सेल्फ-फंडेड’ (खर्च कंपनी स्वतः करते) आहे की ‘फुली इन्शुअर्ड’ (खर्च विमा कंपनी करते)? पन्नासही राज्यांत ऑटिझमच्या उपचारांना विम्याचं संरक्षण देणारे कायदे आहेत, पण कंपनी स्वतःच्या पैशाने चालवत असलेल्या प्लॅनवर राज्याचा कायदा चालत नाही. मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बहुधा असेच असतात. अशा वेळी त्या प्लॅनच्या कागदात एबीए (वर्तनावर काम करणारी थेरपी), स्पीच, ओटी (रोजच्या कामांची थेरपी) यांना काय दिलंय ते शोधा. नाकारलं तर कारण लेखी घ्या आणि अपील करा. आणि नोकरी बदलायची असेल तर पगाराच्या आधी हे विचारा.

व्हिसाचं. शाळा व्हिसा विचारून मुलाला नाकारू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच ठरवलंय. अर्ली इंटरव्हेन्शन आणि विशेष शिक्षण हा मुलाच्या शिक्षणाचा भाग आहे, रोख सरकारी मदत नाही, आणि ग्रीन कार्डच्या अर्जात ते आजवर तुमच्याविरुद्ध धरलेलं नाही. तेव्हा या दोन्हींसाठी घाबरून थांबू नका. मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आणि त्याखालच्या वेव्हरची (अपंगत्व असलेल्यांसाठीच्या खास सवलतीची) गोष्ट वेगळी. पात्रता राज्याराज्यात बदलते, ग्रीन कार्डचे नियमही बदलत असतात. त्यासाठी अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाची एक बैठक घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या अनुभवावर हा निर्णय घेऊ नका.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. नातवाला त्या जे बघतात ते दुसरं कुणीच बघत नाही, म्हणून त्यांनाच कामाला लावा. तो दिवसभरात काय मागतो, कसं मागतो, कशाने शांत होतो, ते वहीत लिहायला सांगा. मूल्यमापनाच्या दिवशी त्यांना वहीसकट बरोबर न्या, मराठी दुभाषी बोलावून प्रश्न थेट त्यांना विचारायला लावा. तज्ज्ञाच्या प्रश्नांची उत्तरं देता देता, ‘उशिरा बोलणं’ आणि हे यांतला फरक त्यांच्या त्यांनाच दिसू लागेल. माझ्या सासूबाईंना तसाच दिसला होता. उद्या फोन कराल तेव्हा त्यांच्या परतीच्या तिकिटाची तारीख समोर ठेवा आणि त्याआधीचीच वेळ मागा.