नोव्हा स्कोशियातल्या घरासाठी लाकडाचा कुकस्टोव्ह: विमा, चिमणी, लाकूड आणि मग स्टोव्ह

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात नाशिक सोडून कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, ॲनापोलिस खोऱ्यातल्या जुन्या लाकडी घरात राहायला जायचंय. घर दुमजली, १४०० चौरस फुटांचं, भिंतींना विजेचे हीटर. वादळात वीज गेली तरी घर उबदार राहावं आणि स्वयंपाकही अडू नये, म्हणून लाकडावर चालणारा एकच स्टोव्ह घ्यायचाय, तो कोणता? वहिनींनी विचारलंय, त्यावर भाकरी होईल का. भाकरी होते आणि चांगली होते. पण स्टोव्ह सगळ्यात शेवटी ठरवा. दुकानात आवडला म्हणून आधी घेतला आणि मग चिमणी त्याला जुळेना, विमा कंपनी मान्य करेना, असं फार होतं.

थंडीचा अंदाज नाशिकवरून बांधू नका. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण ती थंडी पहाटेची. दुपारी ऊन चटकतं. या खोऱ्यातही द्राक्षबागा आहेत, पण जानेवारीत भरदुपारीसुद्धा पारा बऱ्याचदा शून्याखाली असतो, रात्री उणे १० नेहमीचं, एखाद्या लाटेत उणे २०. सप्टेंबर २०२२ मध्ये फिओना वादळात प्रांतातल्या चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती. पेलेट स्टोव्ह दाबलेल्या भुशाच्या गोळ्या जाळतो, पण त्याचा पंखा आणि गोळ्या ढकलणारा स्क्रू विजेवर चालतो, म्हणून तुमच्या कामाला तो बाद. ओंडके जाळणाराच हवा.

पहिला फोन विमा कंपनीला. लाकडाचा स्टोव्ह मान्य आहे का, कोणती कागदपत्रं लागतील, घरात दुसरी हीटिंग हवी का, हे लेखी विचारून घ्या. बहुतेक कंपन्यांना 'वेट' (WETT) हे लाकडाच्या स्टोव्ह-चिमण्यांच्या कामाचं प्रमाणपत्र असलेल्या तपासनिसाचा अहवाल लागतो आणि लाकूड हीच एकमेव हीटिंग असलेली चालत नाही. तेव्हा भिंतीचे हीटर काढू नका, जमल्यास हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं, उलट्या एसीसारखं विजेचं यंत्र) बसवा. बसवणूक 'सीएसए बी-३६५' या कॅनडाच्या संहितेप्रमाणे करायची आणि काम सुरू करण्याआधी नगरपालिकेच्या परवान्याची चौकशी करायची.

आता चिमणी. स्टोव्हचं निम्मं काम तीच करते. तिच्यातला गरम धूर वर चढतो तेव्हा भट्टीत हवा ओढली जाते. चिमणी थंड किंवा बुटकी असली की ही ओढ मरते आणि दार उघडताच धूर घरात येतो. घरात जुनी विटांची चिमणी असेल तर आतलं मातीचं अस्तर तडकलंय का ते कॅमेरा घालून तपासून घ्या. घर तापवणारी तेलाची भट्टी त्याच नळीला जोडलेली असेल तर तिथे लाकडाचा स्टोव्ह जोडायचा नाही. जुन्या चिमणीत बहुतेक वेळा ६ इंची स्टेनलेस स्टीलची नळी सोडावी लागते. नवीन बांधायची झाली तर 'यूएलसी एस-६२९' या कॅनडाच्या मानकाप्रमाणे प्रमाणित, ६५० अंशांच्या वर्गातली, दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक भरलेली तयार चिमणी घ्या आणि ती घराच्या आतून सरळ वर न्या. भिंतीबाहेरून नेलेली दिसायला सोयीची, पण हिवाळ्यात ती गारठून जाते आणि पहिला धूर उलटा खाली येतो. स्टोव्हपासून वरच्या टोकापर्यंत निदान १५ फूट उंची धरा. छपरातून जिथे बाहेर पडते तिथून ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून २ फूट वर.

स्टोव्ह ते चिमणी या मधल्या काळ्या पाइपात लोक हमखास चुकतात. चुणीदार, अरुंद टोक स्टोव्हच्या दिशेला हवं. उलटं लावलं तर डांबरासारखा काळा द्रव सांध्यातून बाहेर ठिबकतो. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, नव्वद अंशांचे कोपरे जास्तीत जास्त दोन, आडव्या भागाला दर फुटाला पाव इंच चढ. एकेरी पत्र्याचा पाइप लाकडी भिंतीपासून १८ इंच लांब. हे अंतर मिळत नसेल तर दुहेरी पत्र्याचा पाइप घ्या.

त्या काळ्या द्रवाला क्रिओसोट म्हणतात. ओलं लाकूड जाळलं, किंवा रात्रभर पुरावं म्हणून हवा आवळून धुमसत ठेवलं, की धूर नीट जळत नाही आणि थंड नळीच्या आत चिकटून घट्ट होतो. पुढे एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की तोच पेट घेतो. चिमणीतून घरघर ऐकू आली तर स्टोव्हच्या हवेच्या सगळ्या झडपा बंद करायच्या, सगळ्यांनी घराबाहेर पडायचं आणि ९११ ला फोन करायचा. पहिल्या हिवाळ्यात दर महिन्याला आत पाहा. थर पाव इंचाच्या जवळ जाण्याआधीच साफ करून घ्या.

म्हणून लाकडाची ओल २० टक्क्यांच्या आत हवी, यात तडजोड नाही. ओल मोजायचं मीटर स्वस्तात मिळतं. ओंडका फोडायचा आणि ताज्या फुटलेल्या आतल्या अंगाला सुया टोचायच्या, कारण बाहेरचं अंग सुकलेलं दाखवतं. बाभळीचं सरपण नाशिकच्या उन्हात भराभर वाळतं, या दमट किनारी हवेत फोडून रचलेल्या मेपलला किंवा यलो बर्चला वर्ष लागतं आणि ओकला दोन. विकणारे 'सीझन्ड' (वाळवलेलं) म्हणतात ते मोजल्याशिवाय मानू नका. तुम्ही मेमध्ये पोचणार, म्हणजे पहिल्या हिवाळ्याचं लाकूड वाळलेलंच विकत घ्यावं लागेल आणि पुढच्या वर्षाचं ओलं स्वस्तात घेऊन लगेच रचायचं: जमिनीपासून वर, वाऱ्याच्या तोंडाला, फक्त माथा झाकून, बाजू उघड्या ठेवून. माप कॉर्डमध्ये असतं. पूर्ण कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फुटांची रास, १२८ घनफूट. 'फेस कॉर्ड'मध्ये साधारण त्याचा तिसरा हिस्सा येतो, तेव्हा भाव विचारताना कोणता कॉर्ड ते आधी ठरवा. हीट पंप जोडीला असेल तर तुमच्या घराला हिवाळ्यात दोन-तीन कॉर्ड धरा, फक्त लाकडावर राहायचं तर चार-पाच. सकाळच्या झटपट जाळाला स्प्रूस-फरच्या बारीक फाटी वेगळ्या ठेवा.

इथवर झालं की स्टोव्ह. जाहिरातीतले बीटीयूचे (उष्णतेच्या मापाचे) आकडे बाजूला ठेवा आणि भट्टीचं आकारमान घनफुटांत विचारा. १ ते १.५ घनफुटांची भट्टी तीन-चार तासांत विझते. रात्री दहाला भरून सकाळी निखारे हवे असतील तर २ ते २.५ घनफूट लागतात. कुकस्टोव्हची, म्हणजे ओव्हन असलेल्या स्वयंपाकाच्या स्टोव्हची, अडचण इथेच आहे: ओव्हनला जागा देताना भट्टी लहान होते. दिसायला फार सुंदर, निकेलच्या कडांचे, पण रात्री दोनला उठून लाकूड घालायला लावणारे कुकस्टोव्ह पुष्कळ आहेत. आणि आपल्या रोजच्या स्वयंपाकाला ओव्हन क्वचितच लागतो, लागतो तो मोठा तापलेला पृष्ठभाग. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हिवाळाभर रोज त्यावरच रांधणार असाल तर दारांना फट बुजवणारी दोरीची गॅस्केट असलेला, किमान २ घनफुटांच्या भट्टीचा कुकस्टोव्ह घ्या. तसा बजेटात बसत नसेल तर लहान भट्टीच्या कुकस्टोव्हवर पैसे घालू नका. सपाट माथ्याचा साधा हीटिंग स्टोव्ह घ्या, दोन पातेली त्यावर बसतात. भट्टीची लांबीही मोजून घ्या. बाजारात १६ इंची तुकडे सर्रास मिळतात, काही कुकस्टोव्हना ते जात नाहीत.

'सर्टिफाइड' म्हणजे नेमकं काय, तेही विचारा. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या धूर-मर्यादेतून कुकस्टोव्ह वगळलेले आहेत, त्यामुळे त्या शिक्क्याचा अर्थ बहुधा आगीपासून सुरक्षितता एवढाच असतो. पाठीमागच्या पट्टीवर भिंतीपासूनची अंतरं छापलेली असतात आणि तीच पाळायची. पट्टी नसलेल्या जुन्या स्टोव्हला चारही बाजूंनी ४८ इंच मोकळे सोडावे लागतात आणि विमा कंपन्या तो बहुतेक नाकारतात. जुना घ्यायचाच तर रात्री ओव्हनमध्ये बॅटरी लावून भट्टीकडून पाहा. उजेड दिसला तर पत्रा सडलाय. दारात कागदाची नोट धरून दार लावा, ओढल्यावर सहज निसटली तर गॅस्केट बदलायची. वजन २०० ते ३५० किलो असतं, जुन्या घराच्या लाकडी तुळयांना खालून टेकू लागेल. समोर दारापासून १८ इंच आणि बाकी बाजूंना ८ इंच न जळणारी फरशी हवी.

पाणी तापवायची कॉइल पहिल्या वर्षी नकोच. नाशिकच्या तांबट लेनमधल्या बंबाचं झाकण सैल असतं, वाफेला वाट मिळते. बंद कॉइलमध्ये वीज गेल्यावर पाणी फिरलं नाही आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह अडकला तर ती फुटते. बाजूला उघडी टाकी असलेलं मॉडेल मिळालं तर तेवढं पुरतं.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती फार महत्त्वाची. फोडणीसाठी बसवलेला जोरदार एक्झॉस्ट घरातली हवा इतकी खेचतो की चिमणीतला धूर उलटा आत येतो, आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासच नसतो. एक्झॉस्ट लावताना शेजारची खिडकी दोन बोटं उघडा. झोपायच्या खोल्यांबाहेर आणि स्टोव्हच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचे बॅटरीवरचे अलार्म हवेतच. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर आणि लाकडी ओट्यापासून लांब. आतले निखारे दोन-तीन दिवस जिवंत राहतात.

पेटवताना बायपास (धुराची वाट बदलणारी झडप) उघडा ठेवायचा, म्हणजे धूर थेट चिमणीत जातो. जाळ धरला, नळी तापली की तो बंद करायचा. मग धूर ओव्हनभोवती फिरून जातो आणि सगळा माथा तापतो. बायपास घाईने बंद केला तर खोलीत धूर होतो. ओव्हनच्या वर आणि खाली साचलेली राख दर दोन आठवड्यांनी खरवडून काढा, नाहीतर ओव्हन तापेनासा होतो आणि लोक दोष लाकडाला देतात. नवा स्टोव्ह पहिल्या तीन वेळा खिडक्या उघडून छोट्या जाळावर तापवा, रंग पक्का होताना वास मारतो.

थंड स्टोव्हचा माथा तापायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेव्हा कणीक भिजवण्याआधी जाळ करा. भट्टीच्या बरोबर वर चूल, तिच्यापासून लांबचं टोक म्हणजे वैल. आच कमी-जास्त करायची नसते, भांडं सरकवायचं असतं. कुकरला पहिली शिट्टी भट्टीवर, पुढच्या वैलाच्या बाजूला. दूध, आमटी, भात मुरायला तिथेच. भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून फडक्याने दाबली की फुगते. नव्या हवाबंद स्टोव्हला उघडा जाळ नसतो, त्यामुळे फुलका तापलेल्या ओव्हनच्या जाळीवर टाका. वांगं फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यांत. तेल माथ्यावर सांडलं तर धूर होतो, कोमट असताना कागदाने टिपून घ्या. उन्हाळ्यात स्टोव्ह पेटवायचा नाही, इंडक्शन वापरा.

नाशिकहून आणायची भांडी या माथ्यासाठी निवडा: सपाट बुडाचीच. खोलगट तवा आणि गोल बुडाची कढई मधल्या टिकलीएवढ्या जागेवरच टेकतात आणि तिथेच जळतात. जाड बिडाचा तवा, सपाट बुडाची लोखंडी कढई, जाड बुडाची पातेली, सांडशी आणि लांब चिमटा. घेताना बुडावर स्टीलची पट्टी आडवी धरून पाहा, खालून उजेड दिसला तर ते भांडं परत करा. कल्हईची पितळी भांडी भट्टीच्या वर रिकामी तापवू नका, कल्हई वितळते. ती वैलावरच वापरा.