होडीवरचा जुना डिंक

प्रश्न: आमच्या फायबरच्या छोट्या होडीवरची जुनी विनाइलची अक्षरे काढली आणि डेकवरची फोमची चटईही सोलली. अक्षरांच्या जागी चिकट थर राहिला आहे, चटईखाली पिवळे, कडक झालेले सोल्यूशन. एनसी थिनर लावला तर सगळे लडबडले. पेंट रिमूव्हर मारावा का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर: नको. पेंट रिमूव्हर रंगाबरोबर जेलकोटही, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थरही फुगवतो, आणि तो थर असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. थिनरचे काय झाले ते सांगतो. तो पटकन उडतो. सुटलेला डिंक पुसायच्या आत तो कोरडा झाला आणि डिंक शेजारी पातळ पसरून बसला. इथे हवे ते सावकाश उडणारे मिनरल टर्पेंटाईन. रंगाच्या दुकानात मिळते.

होडी सावलीत घ्या, शक्यतो सकाळी. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या फायबरवर टर्पेंटाईनसुद्धा टिकत नाही. आधी एका कोपऱ्यात दोन बोटांएवढ्या जागेवर लावून पाहा. फडक्याला होडीचा रंग लागला तर तिथेच थांबा. नाही लागला, तर जुन्या सुती बनियनची घडी भिजवून डिंकावर ठेवा, वर प्लॅस्टिकची पिशवी दाबा आणि दहा-पंधरा मिनिटे हात लावू नका. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने, नाहीतर जुन्या एटीएम कार्डाने, आडवे धरून खरवडा. मऊ झालेला डिंक शेवयांसारखा गुंडाळत येतो. पट्टी दर वेळी पुसा आणि फडक्याची बाजू बदला, नाहीतर तोच डिंक पुन्हा सारवला जाईल. लोखंडी पत्रा वापरू नका. त्याचा ओरखडा पॉलिशने जात नाही.

पिवळ्या सोल्यूशनला हेच तीन-चार वेळा करावे लागेल. हेअर ड्रायर चालतो, पण टर्पेंटाईन लावण्याआधी, आणि हात ठेवता येईल इतपतच गरम. ओल्या द्रावकाजवळ ड्रायर, पंखा, विडी काहीही नको. शेवटी भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळवा आणि ॲसिटोनचा एकच झटपट हात फिरवा. ॲक्रिलिकच्या काचेला मात्र ॲसिटोन लागू देऊ नका, ती तडकते. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, त्यामुळे काम उघड्यावरच करा.

फिटिंगच्या कडेला रबरासारखा पदार्थ असेल तर ते फटी बुजवायचे पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन. ते टर्पेंटाईनने विरघळत नाही, कापूनच काढावे लागते.

एवढे करूनही अक्षरांची सावली दिसली तर तो डिंक नव्हे. बाजूचा जेलकोट उन्हाने विटला, अक्षरांखालचा नाही. त्याला रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणायची पेस्ट, लावा. तेवढ्याने भागले नाही तरच 1200 आणि मग 2000 नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर.

भिजलेली फडकी उघड्यावर वाळवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. उरलेले टर्पेंटाईन गटारात किंवा खडकवासल्याच्या काठी ओतू नका, ते पाणी आपल्या नळाला येते. नवी अक्षरे जिथे लावायची, तेवढी जागा सोडूनच वॅक्स करा.